लाल अक्षरांचे भय



मागील अंकातील ठेवींच्या नामनिर्देशनावरील लेखानंतर अनेक वाचकांनी दूरध्वनीवरून शंका विचारल्या. त्यांची उत्तरे पुढील अंकी देण्याचे योजिले आहे. या वेळी सदराचा नेहमीचा विषय बाजूस ठेवून एका वेगळ्या विषयाकडे वळण्याची अनुज्ञा मागतो. विषय संगणकाचा आहे. परंतु त्याची सुरुवात एका मोडलेल्या मुदत ठेवीपासून होते, म्हणून तो या सदराला अगदीच परका नाही.

माझी एक भाची जयसिंगपूरला माहेरी राहते. वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. पतीचे कापडाचे दुकान बंद पडल्यावर ते पुण्यास एका गोदामात नोकरीस लागले आणि ही तीन वर्षांच्या मुलीसह आईकडे आली. घरी राहून करता येईल असे काम मिळावे म्हणून तिने संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा सहा महिन्यांचा एक ऑनलाइन वर्ग निवडला. त्याचे शुल्क भरण्यासाठी आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, एक ठेव मुदतीपूर्वी मोडली. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याजाचे किती नुकसान होते हे मी सारी नोकरी लोकांना समजावून सांगत आलो. त्या दिवशी मी काही बोललो नाही.

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका रात्री भाचीचा फोन आला. "मामा, माझ्याकडून हे होणार नाही. तीन दिवस झाले, पडद्यावर नुसती लाल अक्षरे येतात. आईचे पैसे बुडाले असं समजा." महिनाअखेर पहिला स्वाध्याय पूर्ण करून पाठवायचा होता आणि हिची गाडी पहिल्याच पायरीवर अडली होती. वर्गाच्या दृक्‌फितींत शिक्षक "आपल्या संगणकावर नोड बसवलेले आहे असे धरून चालू" एवढे म्हणून पुढे जात. शंका लिहून पाठविली, तर "फीत पुन्हा पाहावी" असे उत्तर येई.

मला तर नोड हा शब्दही ठाऊक नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन आटोपून, चष्मा आणि एक दोनशे पानी वही घेऊन मी सांगलीहून एस.टी.ने जयसिंगपूर गाठले. त्या दिवशी आणि पुढील तीन रविवारी आम्ही दोघांनी जे शिकून घेतले, ते आपल्या घरातील कोणा सून-लेकीच्या, नातवाच्या उपयोगी पडावे, हा आजच्या लेखाचा हेतू.

हे नोड म्हणजे काय?

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत असताना तयार केली. तिची पहिली आवृत्ती त्यांनी दहा दिवसांत सिद्ध केली, हे संगणक-जगतात सर्वश्रुत आहे. ही भाषा जन्मली ती ब्राउझरसाठी, म्हणजे आपण ज्या खिडकीतून इंटरनेट पाहतो तिच्यासाठी. पानावरील बटण दाबले की काय घडावे, अर्जातील रकाना रिकामा राहिला तर काय सूचना द्यावी, ही तिची कामे. पलीकडच्या टोकाला बसून माहिती पुरविणारा जो संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, त्याच्यावरील काम बहुधा अन्य भाषांत चाले.

२००९ मध्ये रायन डाल या तरुणाने बर्लिन येथील एका परिषदेत नोड सादर केले. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालविणारे जे व्ही-८ नावाचे यंत्र आहे, ते ब्राउझरमधून बाहेर काढून त्यांनी स्वतंत्रपणे चालविले. त्यामुळे दुकानाच्या दर्शनी भागात वापरली जाणारी भाषा मागच्या कोठारातही चालू लागली. एकच भाषा शिकून दोन्हीकडची कामे करता येतात, हे नवशिक्याच्या दृष्टीने मोठे सोयीचे.

नोडची कार्यपद्धती भाचीला वर्गातील व्याख्येवरून उमगत नव्हती. मला ती चटकन उमगली, कारण मी ती पाहिलेली होती. जुन्या वाचकांना बँकेतील पितळी टोकन आठवत असेल. आपण धनादेश खिडकीत द्यायचा, लिपिक आपल्याला क्रमांकाचे टोकन देई आणि लगेच पुढच्या ग्राहकाकडे वळे. धनादेश खातेवहीकडे जाई, तेथे नोंद होई, अधिकारी सही पडताळून पाही. आणि सर्व झाल्यावर रोखपाल क्रमांक पुकारी. खिडकीवरचा माणूस एकच, पण तो कोणासाठी थांबून राहत नसे. नोड नेमके हेच करते. एखाद्या मागणीसाठी माहिती शोधून आणण्यास वेळ लागणार असेल, तर ते त्या कामाला टोकन देऊन पुढची मागणी हातात घेते आणि माहिती आली की तो क्रमांक पुकारते. म्हणूनच एका साध्या संगणकावरही ते एकाच वेळी पुष्कळ मागण्या सांभाळू शकते. मात्र खिडकीवरचा तो एकटा माणूसच जर लांबलचक बेरजा करीत बसला, तर सारी रांग खोळंबते. ही त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी.

हे सांगताच भाची म्हणाली, "मामा, मग वर्गात हे असं का नाही सांगत?" मी म्हटले, "त्यांनी टोकन पाहिलेलं नसेल."

स्थापनेच्या पायऱ्या

नोड विनामूल्य आहे आणि ते नोडजेएस डॉट ऑर्ग या त्याच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावे. तेथे दोन प्रकारच्या आवृत्त्या दिसतात. ज्या आवृत्तीपुढे एल.टी.एस. ही अक्षरे असतील ती घ्यावी. दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहण्याची हमी असलेली ती आवृत्ती होय. दुसरी, अगदी ताजी आवृत्ती ही नवे प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे. नव्या योजनेत सर्व पुंजी घालू नये, हा सल्ला येथेही लागू पडतो.

विंडोजवर स्थापना करताना बहुतेक ठिकाणी 'पुढे' हे बटण दाबत जावे. एका पडद्यावर मात्र आवश्यक साधने आपोआप बसवावीत काय, अशा अर्थाची एक चौकट येते. भाचीने 'आवश्यक' हा शब्द पाहून तेथे खूण केली होती. त्यामुळे पायथॉन आणि अन्य जड साधने उतरू लागली, तिचा दिवसाचा डेटा संपला आणि काम अर्धवट राहिले. नवशिक्यास त्या साधनांची गरज नसते. चौकट रिकामी ठेवावी.

त्यानंतर पडताळणी. 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडून तीत इंग्रजी लहान अक्षरांत 'नोड', मग एक मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि तिला लागून 'व्ही' हे अक्षर टंकावे. आवृत्तीचा क्रमांक उमटला म्हणजे स्थापना झाली. येथे पहिला खड्डा आहे. ही काळी खिडकी स्थापनेच्या आधीपासून उघडी असेल, तर ती 'असा आदेश ओळखता येत नाही' असे म्हणते. कारण कोणता कार्यक्रम कोठे राहतो याची यादी, जिला पाथ म्हणतात, ती खिडकी उघडताना एकदाच वाचली जाते. खिडकी बंद करून नव्याने उघडली की काम होते.

दुसरा खड्डा अधिक फसवा. नोडबरोबर एन.पी.एम. नावाचा एक सोबती येतो. त्याच्याविषयी पुढे सांगतो. 'पॉवरशेल' नावाच्या निळ्या खिडकीत नोडचा क्रमांक नीट उमटतो, परंतु एन.पी.एम.चा विचारला की लाल अक्षरांची चळत उभी राहते. भाचीची तीन दिवसांची लाल अक्षरे हीच होती. तिने नोड चार वेळा काढून पुन्हा बसविले होते. वास्तविक स्थापनेत काहीच दोष नव्हता. परक्या आज्ञावली चालू नयेत म्हणून विंडोजने निळ्या खिडकीवर एक सुरक्षा-निर्बंध ठेवलेला असतो आणि एन.पी.एम. त्या निर्बंधात अडकते. काळी खिडकी वापरली की हा प्रश्नच उद्भवत नाही. मी त्या लाल मजकुराचे पहिले वाक्य सावकाश वाचले, तर कारण तेथे स्पष्ट लिहिले होते: या संगणकावर अशा आज्ञावली चालविणे बंद ठेवले आहे. तीन दिवसांत तिने ते वाक्य एकदाही पूर्ण वाचले नव्हते. लाल रंग दिसला की ती डोळे मिटून खिडकी बंद करीत असे.

"मी इतकी मूर्ख आहे का मामा?" तिने विचारले. आणि मला एकदम आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ लिपिक आठवले.

एक जुनी बाकी

त्यांचे अक्षर असे होते की खातेवहीचे पान छापल्यासारखे दिसे. रकान्यावरून बोट फिरवत ते पानभर आकड्यांची बेरीज तोंडी करीत आणि ती चुकत नसे. शाखेत संगणक आले तेव्हा ते काम मजकडे सोपविले होते. त्या वेळी मी तरुण अधिकारी होतो आणि आपल्याला यंत्र येते याचा थोडा ताठाही होता. ते गृहस्थ कळफलकावर हात ठेवताना बिचकत. चुकीची कळ दाबली तर साऱ्या शाखेचा हिशेब पुसला जाईल, असे त्यांना वाटे. एका सोमवारी काउंटरवर गर्दी असताना त्यांच्या पडद्यावर काही सूचना आली आणि ते हात मागे घेऊन बसून राहिले. मी ग्राहकांदेखत म्हणालो, "इतकी साधी गोष्ट तुम्हाला जमत नाही?"

ते काही बोलले नाहीत. सन २०००-०१ मध्ये बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा चार वर्षे सेवा शिल्लक असताना त्यांनी अर्ज केला. निरोपसमारंभात मी त्यांच्या हस्ताक्षराची स्तुती केली. ती सूचना कसली होती, ते मात्र मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसून कधी समजावले नव्हते. दोन मिनिटांचे काम होते.

भाचीला मी म्हटले, "तू मूर्ख नाहीस. तुझ्या शेजारी कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच." मग खुर्ची ओढून बसलो.

पहिले पान

आज्ञावली लिहिण्यासाठी आम्ही मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे विनामूल्य साधन घेतले. नोटपॅडवरही लिहिता येते, परंतु तेथे तिसरा खड्डा आहे. नोटपॅड फाइलच्या नावाला मागून टी.एक्स.टी. ही शेपटी स्वतःच जोडते आणि विंडोज ती शेपटी लपवून ठेवते. आपल्याला नाव बरोबर दिसते आणि नोड म्हणते, अशी फाइलच नाही. आणखी एक काळजी घ्यावी. कामाचे फोल्डर साध्या जागी, इंग्रजी नावाने आणि नावात मोकळी जागा न ठेवता करावे. आणि ज्या फोल्डरची प्रत आपोआप ऑनलाइन साठविली जाते अशा ठिकाणी ते ठेवू नये. पुढे त्यात हजारो बारीक फाइली येतात आणि ती साठवण त्यांत गुंतून पडते.

नोडमध्ये सर्व्हर उभा करण्याची साधने अंगभूतच आहेत. आठ-दहा ओळींत काम होते. भाचीने ओळी लिहिल्या, मागणी आल्यास 'जय जिनेंद्र' हे उत्तर द्यावे असे सांगितले आणि ३००० क्रमांकाच्या दारावर कान ठेवण्याची आज्ञा दिली. अशा दारास पोर्ट म्हणतात. एका इमारतीतील निरनिराळ्या खिडक्यांचे क्रमांक असावेत तसे. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि ३००० असे लिहून कळ दाबली. पान उघडले, पण त्यावर 'जय जिनेंद्र'ऐवजी टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरे उमटली! तिचा चेहरा पुन्हा उतरला. कारण साधे होते. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन खणांत साठविले जाते. मजकूर या पद्धतीने लिहिला आहे हे उत्तराच्या शीर्षकात सांगितले नाही, तर ब्राउझर प्रत्येक खण वेगळे रोमन अक्षर समजून वाचतो. शीर्षकात तेवढी एक नोंद केली, आज्ञावली पुन्हा चालू केली आणि पडद्यावर 'जय जिनेंद्र' अवतरले. आक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि पडद्याकडे पाहून तिने हात जोडले.

आनंदाच्या भरात भाचीने तो पत्ता पुण्याला पतीच्या मोबाइलवर धाडला. त्यांना काही दिसेना. लोकलहोस्ट याचा अर्थ 'मी स्वतः'. तिच्या संगणकावर तो तिचा संगणक, त्यांच्या मोबाइलवर त्यांचाच मोबाइल. 'माझ्या घरी या' असे पत्रात लिहिल्यावर वाचणारा आपल्याच घरात शोधू लागावा, तसे ते झाले. सर्वांना दिसावे असे वाटत असेल, तर ती आज्ञावली भाड्याच्या सर्व्हरवर ठेवावी लागते. तो पुढचा अभ्यास.

अजून दोन लहान गोष्टी. आज्ञावलीत बदल केला तरी चालू असलेले नोड जुनाच मजकूर दाखविते. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून ते थांबवावे आणि पुन्हा सुरू करावे. अलीकडच्या आवृत्त्यांत 'वॉच' हा पर्याय दिल्यास बदल होताच ते स्वतः पुन्हा सुरू होते. आणि न थांबविताच दुसरी खिडकी उघडून तीच आज्ञावली चालविली, तर 'हा पत्ता आधीच वापरात आहे' अशी लाल ओळ येते. एका खिडकीवर दोन रोखपाल बसत नाहीत. पहिल्याला उठवावे, एवढाच उपाय.

परिग्रहाचे परिमाण

आता एन.पी.एम.विषयी. जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञावलींचे हे महाभांडार. एक ओळ टंकली की हवी ती वस्तू आपल्या फोल्डरमध्ये येते. 'पॅकेज डॉट जेसन' ही आपली मागणीपत्रिका. 'पॅकेज-लॉक' ही प्रत्यक्ष आलेल्या प्रत्येक वस्तूची नेमकी आवृत्ती नोंदविणारी वही. आणि 'नोड मॉड्यूल्स' हे कोठार. पहिल्या दोन जपाव्यात. कोठार हरवले तरी त्या दोहोंवरून ते पुन्हा जसेच्या तसे भरता येते. म्हणून प्रत काढताना कोठार वगळतात.

वर्गात सांगितल्याप्रमाणे भाचीने 'एक्सप्रेस' नावाची एक वस्तू मागविली. ती एकटी आली नाही. पन्नासहून अधिक वस्तू तिच्या पाठोपाठ आल्या. ती जिच्यावर अवलंबून, ती वस्तू आणखी कोणावर अवलंबून, अशी ही साखळी. जामीनदाराला जामीनदार, त्याला पुन्हा जामीनदार. अशा कर्जप्रकरणावर सही करताना माझा हात थांबला असता.

हे भय अनाठायी नाही. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाचा एन.पी.एम.शी नावावरून वाद झाला आणि त्याने आपल्या सर्व वस्तू भांडारातून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची एक आज्ञावली होती. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरण्याचे तिचे काम. परंतु असंख्य वस्तू तिच्यावर उभ्या होत्या, आणि जगभरच्या कित्येक कंपन्यांची कामे काही तास अडली. शेवटी भांडाराने ती स्वतः पुन्हा ठेवली. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय वस्तूच्या मूळ लेखकाने मदत करू इच्छिणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती ती सोपविली, आणि त्या माणसाने तीत बिटकॉइनच्या एका पाकिटावर डोळा ठेवून चोर-आज्ञावली शिरविली.

परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ आपल्याकडे लहानपणापासून सांगितला जातो. लागेल तेवढेच घ्यावे, घेण्याआधी मर्यादा ठरवावी आणि जे आहे त्याची नोंद ठेवावी. भाचीने वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न लिहून घेतले: ही वस्तू मला खरोखर हवी आहे का? नोडमध्ये ती अंगभूत आहे का? तिचा सांभाळ कोण करतो, आणि शेवटचा कधी केला? मागविण्याच्या ओळीत नावाचे एखादे अक्षर चुकले तर भलतीच वस्तू घरात येऊ शकते. म्हणून कळ दाबण्यापूर्वी नाव पुन्हा वाचायचे, धनादेशावरील नाव वाचावे तसे.

येथे आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये, त्याच बर्लिन शहरी, रायन डाल पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले आणि नोडविषयी आपल्याला ज्यांचा खेद वाटतो अशा दहा गोष्टी त्यांनी जाहीरपणे मांडल्या. 'नोड मॉड्यूल्स'चे ते कोठार आणि ती मागणीपत्रिका या दोन्ही त्यांत होत्या. ज्या रचनेने त्यांना कीर्ती दिली, तिचेच दोष त्यांनी सर्वांसमक्ष उच्चारले. त्याच वेळी 'डेनो' नावाची नवी रचनाही त्यांनी मांडली. नोडचीच अक्षरे उलटसुलट करून हे नाव घडले आहे. आपण ज्यास आलोचना म्हणतो, तिचे हे एक रूपच म्हणावयास हवे.

दहा आणि वीस पैसे

मला मात्र सर्वांत अधिक चमकविले ते एका बेरजेने. भाचीचा स्वाध्याय घरखर्चाची नोंद ठेवणाऱ्या लहानशा सर्व्हरचा होता. मी सहज म्हटले, "दहा पैसे आणि वीस पैसे मिळवून दाखव." तिने शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची बेरीज मागितली. उत्तर आले शून्य दशांश तीन, त्यापुढे पंधरा शून्ये आणि शेवटी चार! संगणक अपूर्णांक दोनाच्या पटीत साठवितो. त्यात एक-दशांश नेमका मावत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्या दशांश पद्धतीत मावत नाही. हा भाषेचा विशेष दोष नव्हे. अनेक भाषांत असेच घडते. परंतु एका पैशाच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत दिवसबही जुळवीत बसलेल्या माणसाला हे कसे चालावे? उपाय सोपा आहे. सर्व रकमा पैशांत, पूर्णांकांत साठवाव्यात आणि दाखवितानाच त्यांचे रुपये करावेत. वर्गात हे कोणी सांगितले नव्हते. तिने स्वाध्यायात तसे केले आणि तसे का केले याचे दोन ओळींत कारणही लिहिले.

तो स्वाध्याय महिनाअखेरीस एक दिवस आधी गेला. कोठे नोकरी लागली असे सांगण्याजोगे अद्याप काही नाही. अभ्यासक्रम संपायला अवकाश आहे आणि त्यानंतरही वाट सोपी नसेल. पण लाल अक्षरे आली की ती आता खिडकी बंद करीत नाही. आमच्या बँकेत आक्षेपांची एक वही असे. तशीच एक वही तिने घातली आहे. तारीख, चुकीचे पहिले वाक्य जसेच्या तसे, फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक, कारण आणि उपाय. लाल मजकूर कितीही लांब असला, तरी बहुधा उपयोगी पडते ते वरच्या काही ओळींतील वाक्य आणि आपल्या स्वतःच्या फाइलचे नाव असलेली ओळ. उरलेला भाग नोडच्या आतल्या वाटांचा असतो. मागील आठवड्यात तिचा फोन आला, "मामा, एकोणिसावी चूक सापडली. आणि तुम्हाला न विचारता सुटली."

वाचकहो, आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. संगणकाचे ज्ञान आज मुबलक आहे. दृक्‌फिती आहेत, पुस्तके आहेत, तीही पुष्कळदा फुकट. नवशिक्याला कमी पडते ते अभय. चुकले तर काही मोडत नाही, कोणी हसत नाही, आणि कोणी तरी शेजारी बसलेले आहे, एवढेच त्याला हवे असते. ते देण्यासाठी दात्याला नोड यावे लागत नाही. मला कोठे येत होते? संथपणे वाचण्याची सवय आणि रिकामा रविवार पुरे. आपल्या मंदिरांतील पाठशाळेच्या खोल्या रविवारी दुपारी बंदच असतात. तेथे एक जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि दोन निवृत्त माणसे बसली, तर कोणा आईची मोडलेली ठेव वाया जाणार नाही. आमच्या येथील विश्वस्तांना मी हे सुचविले आहे आणि पहिल्या रविवारसाठी स्वतःचे नाव दिले आहे.

नुकतेच दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी मी शेकडो लोकांना हात जोडतो. ज्या एका माणसाची क्षमा मागावयास हवी होती, ते आता हयात नाहीत. त्या सोमवारी त्यांच्या पडद्यावर 'छपाईयंत्रात कागद नाही' एवढीच सूचना होती. आज पंचवीस वर्षांनंतर या सदरातून, आपणां सर्वांच्या साक्षीने, ती क्षमा मागतो.

पुढील अंकी नामनिर्देशनाविषयीच्या शंका.